उशिरा मारलेली उडी

गेल्या दिवाळीनंतर मला जाड दांड्याचे चमचे दिसू लागले.

घरात नव्हे, पडद्यांवर. फोन उघडला की चमचे. मग न सांडणारे कप आले, मग बटणांऐवजी चिकटपट्टी असलेले ब्लाउज, मग बूड जड केलेल्या ताटल्या. मी साताऱ्यात उभं आयुष्य भांड्यांचं दुकान चालवलं, म्हणून भांड्यांच्या जाहिराती मला दाखवत असतील, असं आधी वाटलं. पण दुकानदाराला एक खोड असते. वस्तू बघितली की ती कुणासाठी आहे हे आधी दिसतं. रुखवतासाठी आलेली आई कुठली भांडी उचलते, वेगळं बिऱ्हाड करणारी सून कुठली, हे मला पायरीवरून कळायचं. जाड दांड्याचा चमचा कुणासाठी असतो तेही कळत होतं. ज्याच्या हातातून साधा चमचा निसटतो त्याच्यासाठी.

माझ्या हातातून काहीच निसटत नव्हतं. उलट माझा हात कधी नव्हे इतका चालत होता. मी रोज डोंगर चढत होते.

हा डोंगर खेळातला. केतकीने, माझ्या मुलीने, हातात धरायचे दोन पीसी आणले होते. एक मला आणि एक कराडला माझ्या नणंदेला. दोन्ही बाजूंना धरायला मुठी, मधे पडदा, आणि आत अख्खा कॉम्प्युटर. ज्या खेळासाठी आमच्या वेळी टेबल भरून सामान लागायचं, तो मांडीवर उशी घेऊन खेळता येतो. आमच्या खेळात दोन गिर्यारोहक एकाच दोराने बांधलेले असतात. एकीने उडी मारायची, दुसरीने दोर धरायचा. एक पडली तर दोघी लोंबकळणार.

नणंदेला मी वन्सं म्हणते. तिचं नाव रंजना, वय माझ्याएवढंच. लग्न होऊन आले तेव्हासुद्धा 'वन्सं' म्हणणाऱ्या बायका संपत आल्या होत्या. मी पहिल्या दिवशी थट्टेने हाक मारली आणि ती चिकटली. ते साल १९९८, म्हणजे त्याला आता पन्नास वर्षं होतील. भोइट्यांच्या घरात टीव्हीला जोडायचा खेळाचा काळा डबा होता. चित्र अडकलं की कॅसेट बाहेर काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. फुंकरीने काय व्हायचं ते देव जाणे, पण चालायचं. सासूबाई भजनाला गेल्या की वन्सं दार लोटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला वहिनी, फुंका." नव्या नवरीने तिसऱ्याच दिवशी त्यांना हरवलं. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

त्या काळी माझी बोटं तशीच होती. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे. हातातलं मशीन गुरगुरत असायचं आणि स्टीलवर अक्षरं उमटायची. मी आधी पेन्सिलीने आखून घेत नसे. "अमक्याच्या स्मरणार्थ" असली लांबलचक ओळसुद्धा सरळ रेषेत जायची.

पण आता मी बहात्तर वर्षांची आहे. आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी जे कडे चढत होते, ते मला पंचविशीत जमले नसते. संशय मला तिथे आला. माणूस हरायला लागला की कारण शोधतो. जिंकायला लागला की शोधत नाही. चमचे दिसले नसते, तर मीही शोधलं नसतं.

एके दिवशी दुपारी मी मुद्दाम एक चूक केली. कड्याच्या टोकाशी पोचल्यावर बोट उचलून धरलं, मनात दोन अंक मोजले आणि मग बटण दाबलं. एवढ्या उशिरा मारलेली उडी खाली दरीतच जायला हवी. माझी बाई अलगद पलीकडे उतरली. पुन्हा केलं. पुन्हा उतरली.

"वन्सं," मी कानातल्या माइकवर म्हणाले, "बघितलंत का? मी उशिरा उडी मारली."

"मग?"

"मग मी पडायला हवी होते."

"पडला नाहीत ना? मग भांडताय कुणाशी? जिंकलं तरी तक्रार. दादाला कसं सांभाळलंत हो तुम्ही?"

"थट्टा नको. हे यंत्र काहीतरी करतंय."

"करणारच की. तुमच्या नावापुढे पान आहे ना. पानवाले सहसा पडत नाहीत."

"कसलं पान?"

वन्संनी खेळ थांबवला. शाळेच्या मैदानावर सगळी नोकरी शिट्टी वाजवण्यात काढलेली बाई. ती कधी आवाज उतरवून बोलत नाही.

"तुम्हाला दिसत नाही होय?" त्या हळूच म्हणाल्या. "छोटंसं हिरवं पान असतं. मदत घेणाऱ्यांच्या नावापुढे. बाकीच्यांना दिसतं. मला वाटलं, तुम्हीच लावून घेतलंय. गुडघ्याला पट्टा लावतात तसं."

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून असेल."

म्हणजे मी लिंबूटिंबू. गल्लीत धाकटं पोर रडायला लागलं की त्याला खेळात घ्यायचे, पण त्याचं आउट धरायचे नाहीत. ते बिचारं जीव तोडून पळायचं, आपण खरंच खेळतोय असं समजायचं, आणि मोठी मुलं त्याच्या डोक्यावरून एकमेकांना डोळे मारायची. सगळ्या खेळाला ठाऊक होतं. मला तेवढं नव्हतं.

मी मदत बंद करायला गेले. यंत्रातली बाई साखर घोळून म्हणाली, "ही सोय कुटुंबप्रमुखांच्या खात्यातून बदलता येईल."

"कुटुंबप्रमुख मीच आहे," मी तिला सांगितलं. तिने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

ही मदत कशी चालते ते मी पुढच्या दोन दिवसांत समजून घेतलं. हाताच्या हालचाली दोन जातीच्या असतात. आपण ठरवून केलेली हालचाल संथ असते. हात आपला आपण थरथरतो ती हालचाल बारीक आणि भराभर, सेकंदाला चार-पाच वेळा होणारी. मुठींच्या आत कागदाएवढा पातळ थर असतो, तो तळव्याचा दाब सतत मोजतो. कॉम्प्युटर ते सगळं चाळणीतून काढल्यासारखं वेगळं करतो. ठरवलेलं खेळात पाठवतो आणि थरथर मागे ठेवतो. त्याहून पुढची करामत अशी, की बोट हलायच्या किंचित आधी तळवा आवळला जातो, आणि यंत्र ते ओळखायला शिकतं. मी मुद्दाम उशीर केला तेव्हा माझा तळवा सवयीने वेळेवरच आवळला असणार. यंत्राने माझ्या बोटाचं ऐकलंच नाही. त्याने तळव्यावर विश्वास ठेवला.

हे कळल्यावर मला सुचायला हवं होतं, ते सुचायला रात्र गेली. चाळणीत काही मागे राहत असेल, तरच चाळण लावतात ना.

सकाळी मी माळ्यावरून नाव घालायचं मशीन काढलं. दुकान बंद केल्यापासून हात लावला नव्हता. शेजारच्या मुलीच्या लग्नात द्यायला एक तांब्या आणून ठेवला होता. तिचं नाव प्राजक्ता. शिरोरेषेपासून सुरुवात केली. रेघ करवतीच्या दात्यांसारखी निघाली. मला वाटलं, मशीन जुनं झालंय. मशीन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, गोळी वळावी तशी. मी सांगितलं नव्हतं तरी वळत होती.

केतकी पुण्याला असते. मी फोन केला.

"रविवारी येते गं आई."

"आज ये."

"काय झालंय? पडलीस का?"

"पडत नाही. तीच तर तक्रार आहे."

ती दुपारी आली. मी चहा ठेवला नाही. तांब्या तिच्यासमोर ठेवला. तिने रेघेवर बोट फिरवलं आणि चेहरा असा केला की पुढचं विचारायची गरज उरली नाही. पण मी विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आसपास. यंत्राने सूचना दिली. तुझ्या उजव्या हाताचा कंप वाढतोय, तज्ज्ञांना दाखवा म्हणून."

"आणि तू मला दाखवलं नाहीस. मदत लावून दिलीस."

"आई, तू इतकी खूश होतीस. रोज फोनवर सांगायचीस, आज अमका कडा चढले. मला तोंडच उघडवेना."

"सहा महिने?"

"बाबांना सांगितलं होतं आपण," ती एकदम चिडून म्हणाली. "आठवतंय का? डॉक्टरांनी नाव घेतलं आणि त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून निजले. आजाराने गेले नाहीत ते, नावाने गेले. मला तुझं तसं व्हायला नको होतं."

"मी तुझे बाबा नाही."

"हे मला आता कळतंय."

"आणखी कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. शपथ."

"मग चमचेवाल्यांना कुणी सांगितलं?"

तिला समजेना. मी फोन उघडून तिच्यापुढे धरला. जाड दांडे, न सांडणारे कप, चिकटपट्टीचे ब्लाउज. तिने एकेक जाहिरात सरकवून बघितली. मग तिने आपला फोन काढला आणि खातं उघडताना कसली कसली परवानगी दिली होती ते शोधू लागली. पान सरकत होतं, संपत नव्हतं. कुठेतरी 'जोडीदार संस्था' असं लिहिलं होतं, आणि त्या संस्थांची नावं दुसऱ्या पानावर होती, आणि ते पान उघडत नव्हतं.

"म्हणजे आधी कंपनीला कळलं," मी म्हणाले. "मग तुला, मग चमचेवाल्यांना. हात कुणाचा आहे गं?"

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. जवळ घ्यावंसं वाटलं नाही असं नाही, पण घेतलं नाही.

डॉक्टर शिंगटे तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. मग केतकीकडे बघून म्हणाले, "ह्यांचा कंपवात सुरुवातीचाच आहे. तुम्ही घाबरू नका."

"डॉक्टर," मी म्हणाले, "घाबरायचं की नाही ते माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी खुर्ची वळवली. मग नीट समजावलं. मेंदूच्या एका कोपऱ्यात हालचालींना वंगण पुरवणाऱ्या पेशी असतात, त्या हळूहळू कमी होतात. पूर्वीची औषधं नुसतं वंगण घालायची. तीन वर्षांपूर्वी आलेलं औषध उरलेल्या पेशी टिकवून धरतं. गेलेल्या मात्र परत आणत नाही.

"सहा महिन्यांपूर्वी आले असते तर?"

डॉक्टरांनी क्षणभर केतकीकडे बघितलं, आणि स्वतःला सावरून पुन्हा माझ्याकडे. "तर थोड्या जास्त उरल्या असत्या."

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना मी तिला सांगितलं, "माझं खातं माझ्या नावावर कर. जी सूचना यायची ती मला येईल. आणि त्या जोडीदारांचा सगळा कचरा बंद कर."

"करते. पण आई, एखादी वाईट सूचना आली तर? घरात एकटी असतेस."

"तर वाईट सूचना येईल. एखाद्याबद्दलचं काही कळलं की ते त्याला लगेच सांगायचं असतं, केतकी. यात दुसरा विचार करायचाच नसतो. तुला एवढं कसं समजलं नाही?"

हे मी फार ठसक्यात म्हणाले. तिने मान खाली घालून सगळं करून दिलं आणि शेवटच्या गाडीने गेली.

औषध सुरू झालं. मी मदत बंद केली आणि पान गेलं. मी पडू लागले. ज्या कड्यांवर टणाटण उड्या मारत होते, तिथून दगडासारखी खाली. वन्सं वरून दोर धरून ओरडायच्या, "अहो काय पोतं आहात का! हात घाला, डाव्या बाजूला घाला!" मी शिव्या द्यायचे. आम्ही दोघी लोंबकळायचो. पहिल्या आठवड्यात मला यंत्र भिंतीवर आपटावंसं वाटलं. नंतर एका दुपारी मी माझ्या हाताने, थरथरत्या हाताने, एक बुटका कडा चढले. वन्सं नुसत्याच "हां" म्हणाल्या. त्यांच्या "हां"मध्ये कधीही दया नसते, म्हणून तो मला आवडतो.

केतकी रोज फोन करायची. मी गोळी घेतली, जेवले, एवढंच सांगायचे आणि ठेवायचे. विश्वास एकदा गेला की साध्या "कशी आहेस"मागेही काही असेल का, असं वाटत राहतं. तिने बटाटे स्वस्त झालेत म्हटलं, तरी मला वाटायचं, ही काहीतरी झाकतेय.

मग परवाची सकाळ. मी यंत्र उघडलं तर ती साखरेची बाई म्हणाली, "आपल्या निकटच्या व्यक्तीविषयी एक सूचना आहे."

मला वाटलं, माझ्याचविषयी बोलतेय. सूचना रंजना भोइटे यांच्याविषयी होती. दोन्ही यंत्रं केतकीने एकाच बैठकीत चालू करून दिली होती. वन्संचं लग्न झालेलं नाही, मागे-पुढे कुणी नाही, म्हणून त्यांची निकटची व्यक्ती म्हणून तिने माझं नाव घातलं होतं. हात ठीक आहेत, यंत्र म्हणालं. पण ओळखीच्या चढाईत त्या एकाच चुकीच्या कड्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. कालपर्यंत पाठ असलेली वाट आज नव्याने शोधतात. हे प्रमाण काही महिन्यांत वाढलं आहे. स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी.

मी यंत्र पालथं घातलं.

दहा मिनिटांत वन्संचा फोन आला. "वहिनी, येताय ना? आज तो खिंडीतला डोंगर घेऊ."

"आज नको वन्सं. डोकं दुखतंय."

"गोळीमुळे?"

"असेल."

"आवाज का असा तुमचा?"

"कसा?"

"गुळगुळीत."

मी फोन ठेवला. वन्संच्या घरासमोर दोन रस्ते लागतात, नदीकडचा आणि बाजाराकडचा. त्या एकट्या राहतात. गॅस स्वतः पेटवतात. शिवाय त्या माझ्यासारख्या नाहीत, त्यांना आपल्या डोक्याचा गर्व आहे. शाळेतल्या एका पिढीची नावं त्या अजून हजेरीच्या क्रमाने सांगतात. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू. यंत्र चुकत असेल. आणखी थोडे दिवस बघू, एकदा खात्री झाली की मग. आधी त्यांना न कळू देता डॉक्टरांना विचारून ठेवू.

यातला शेवटचा विचार आला आणि मी दचकले. हाच विचार सहा महिन्यांपूर्वी पुण्यात कुणीतरी केला असणार.

तरीही मी त्या दिवशी काही केलं नाही. कालही नाही.

आज सकाळी एसटी पकडून कराडला आले. विजेवरच्या गाड्या आवाज करत नाहीत, त्यामुळे वाटेत डोक्यातलं सगळं नको इतकं ऐकू येतं. वन्संनी दार उघडलं आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"न सांगता आलात. कोण गेलं?"

"कुणी नाही. बसू तर द्या."

त्यांनी चहा केला. मी त्यांचे हात बघत होते, डबे बघत होते, गॅस बंद केला का ते बघत होते. साखर त्यांनी एकदाच घातली. मी मोजत होते हे त्यांना दिसलं.

"वहिनी, पाळत ठेवायला आलाय का?"

मग मी सांगितलं. यंत्र काय म्हणालं ते, त्याच्याच शब्दांत, काही न गाळता आणि काही गोड न करता. बोलताना माझा उजवा हात कपाच्या कानात थरथरत होता आणि बशी वाजत होती. माझं बोलून संपल्यावर वन्सं उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

"मला वाटत होतंच," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात बाजारातून घरी येताना चौकात उभी राहिले. कुठल्या बाजूला वळायचं, कळेना. म्हटलं, ऊन लागलं असेल." त्या माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते, आणि तसलीच नजर, मैदानावरची. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"परवा."

"परवा सकाळी?"

"हो."

"मग काल काय करत होतात?"

जे खरं होतं तेच मी सांगितलं. "भांडी घासली. माळ्यावरची सगळी पितळी भांडी काढली आणि दिवसभर चिंच लावून घासत बसले."

वन्सं हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, माझ्या हातातला वाजणारा कप काढून खाली ठेवला.

"केतकीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची वेळ तिच्याकडूनच घेऊ. आणि तुम्ही तिच्याशी नीट बोला. मी ऐकतेय."

मी फोन काढला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. तिच्या "हॅलो"मध्ये भीती होती. आता आईचं आणखी काय, अशी.

"केतकी," मी म्हणाले, "परवा वन्संविषयी सूचना आली. मलाही त्यांना लगेच सांगता आलं नाही."